खळ्यावरची भिंत

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या ज्या ज्या सज्जनांनी माझ्या तोंडून बोटीची गोष्ट ऐकली आहे, त्या सर्वांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की ती गोष्ट खोटी आहे. ऐकताना हसून ज्यांच्या नाकातून चहा बाहेर आला, त्यांच्याबद्दल मला विशेष वाईट वाटतं.

सगळी खोटी नाही. बोट खरी. इंजिन खरं. बुडता बुडता वाचलो, तेही खरं. त्या गोष्टीत पाण्याखाली एक भिंत येते – तेवढी खोटी. ती मी बांधली. आणि हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, नमाजानंतर एकटा बसलो असताना मनातल्या मनातसुद्धा नीट नाही. आता लिहितोय तर तळहाताला घाम आहे. पेन दोनदा पुसलं.

मी शब्बीर मिस्त्री. घर बारामतीत, गॅरेज भवानीनगरला, कारखान्याच्या रस्त्यावर. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची इंजिनं उघडायची आणि परत बांधायची – तीस वर्षं हेच. आणि बांधता बांधता बोलायचं. गिऱ्हाईक निम्मं इंजिनासाठी येतं, निम्मं माझ्या तोंडासाठी. मी हातवारे करतो, आवाज काढतो, पाना घेऊन नाचतोसुद्धा. बोटीची गोष्ट माझी हुकमी. सात वर्षं सांगतोय. पण तुम्ही कधी लक्ष दिलं का – ती मला कुणी ‘सांगा’ म्हणायच्या आधीच मी सुरू करतो? असं का करत असेन?

सांगतो. थोडं फिरून सांगावं लागेल, सरळ गेलो तर मी मधेच पळून जाईन.

इंदापूरच्या बाजूचे संपतराव म्हणून डाळिंबाचे मोठे बागायतदार आहेत. उजनीच्या पाण्याला लागून त्यांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि गोव्याच्या कुणाकडून तरी एक जुनी वेगवान बोट आणली. लाल, लांब नाकाची, उभी असली तरी पळतेय असं वाटावं अशी. महिन्याभरात तिचं इंजिन जाम झालं. संपतरावांनी दुसरं इंजिन मागवलं आणि विचारत विचारत बोट माझ्या दारात आणली, उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत. अर्धं भवानीनगर बघायला जमलं.

मी बोट हातात घेतली नव्हती कधी. नाही म्हणायला हवं होतं. पण समोर तीस माणसं उभी होती, आणि तीस माणसांसमोर नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही.

बोटीबरोबर गेनूतात्या आले होते. त्यांची ओळख नीट करून देतो, कारण माझ्या गोष्टीत मी ती कधी नीट करून दिलीच नाही. तात्या ती बोट चालवायचे. जन्म मासेमारीतला. धरण झालं तेव्हा त्यांचं गाव पाण्याखाली गेलं. तात्या तेव्हा ऐन पंचविशीत. गाव गेलं, पण त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. कुठल्या घराची भिंत पाण्याखाली कुठं उभी आहे, देवळाची पायरी कुठं, विहिरीचं तोंड कुठं – सगळं त्यांना काठावरच्या खुणांवरून माहीत. टाकी चिंचेच्या मागं गेली की खाली अमुक, शाळेचं छप्पर वडाच्या डाव्या अंगाला आलं की खाली तमुक. नवीन पोरं जाळी टाकायच्या आधी त्यांना विचारायची. काठावर तात्यांची इज्जत म्हणजे एवढीच होती – त्यांना पाण्याखालचं दिसतं.

आता इंजिन. साध्या गाडीत इंजिनाचं शेपूट मागं असतं आणि शाफ्ट तिथून मागं जातो. या बोटीत इंजिन पार मागच्या टोकाला, आणि तेही उलटं. त्याचं शेपूट बोटीच्या नाकाकडं. तिथं एक पेटी असते, ती ताकद घेते, कोपरात हात मुडपावा तशी मुडपते आणि इंजिनाच्या पोटाखालून परत मागं, पाण्यातल्या पंख्याकडं पाठवते. व्ही-ड्राइव्ह म्हणतात त्याला. जागा वाचते, पुढं माणसांना बसायला मिळतं. फक्त जोड जिथं येतो ती जागा इंजिनाच्या पोटाखाली – डोकं खाली, पाय वर केल्याशिवाय दिसत नाही.

चेनपुलीवर इंजिन टांगून आत सोडलं तेव्हा बाहेरून कुणीतरी ओरडलं, “मिस्त्री, उलटं बसिवलंय.” मी म्हणालो, “इंजिन बराबर हाय, तू उलटा उभा हायस.” लोक हसले. मी फॉर्मात होतो.

नव्या इंजिनाचे पाय जुन्या भोकांना जुळेनात. ते अर्धा इंच पुढं, मग मागं, मग पत्र्याच्या पट्ट्या घालून एका बाजूनं किंचित वर – असं दोन दिवस चाललं. शेवटी जोडाच्या दोन थाळ्या समोरासमोर आल्या. या दोन थाळ्यांमधली फट चारी बाजूंनी सारखी हवी. वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. ती मोजायला फीलर गेज असतो, पोलादाच्या पातळ पानांची जुडी. फटीत पान घालायचं आणि थाऊमध्ये सांगायचं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. गॅरेजात, ट्रॉलीवर, मी ते चोख केलं. शपथेवर सांगतो, चोख केलं.

पण इंजिन विकणाऱ्यानं फोनवर एक गोष्ट तीनदा बजावली होती. बोट ट्रॉलीवर एका आकारात बसते, पाण्यात दुसऱ्या. तेव्हा पाण्यात सोडा, रात्रभर राहू द्या, मग जोड उघडून फट परत मोजा. त्याशिवाय जोरात चालवू नका. मी तीनही वेळा ‘हो’ म्हणालो. ट्रॅक्टर कधी शेतात गेल्यावर आकार बदलतो का? माझ्या डोक्यात ते बसलंच नाही – असं मी म्हणू शकलो असतो. पण ते खरं नाही. डोक्यात बसलं होतं.

मला पाण्याची भीती वाटते. घ्या. हे एक बाहेर पडलं.

सात वर्षांचा असताना कालव्यात पडलो होतो. कुणीतरी केसाला धरून ओढलं. डोक्यावर ती जागा अजून दुखते, हात लावला की. तेव्हापासून बादलीत वाकायचं झालं तरी मी एक हात भिंतीला लावतो. तीस वर्षं कालव्याच्या गावात राहून हे मी कुणाला कळू दिलं नाही. इतका बडबड्या माणूस, त्याच्या पोटात काही राहील असं कुणाला वाटतच नाही.

तर होळीच्या आधीचा आठवडा. बोट रात्रभर पाण्यात होती. सकाळी मी धक्क्यावर. संपतराव काठावर खुर्ची टाकून बसलेले. तात्या बोटीच्या पुढच्या भागात. आणि मला हलत्या बोटीत उतरून, इंजिनाशेजारी पालथं पडून, डोकं खाली घालून फट मोजायची होती. खाली डोकं घातलं. फायबरच्या तळापलीकडं पाणी आपटत होतं – कानाला अगदी चिकटून. चळक, चळक. मी डोळे मिटले. इंजिनाचा एक पाय दोन्ही हातांनी धरला. फीलर गेज माझ्या शर्टाच्या खिशात होता.

तो खिशातच राहिला.

तात्या वरून म्हणाले, “मिस्त्री, बोला. मी ध्यानात ठिवतो.”

आणि मी बोललो. माझा आवाज मोठा आहे, रंगमंचाचा आहे. “वर चार.” तात्या म्हणाले, “वर चार.” “खाली चार.” “खाली चार.” मग मी जरा थांबलो. अगदी सगळंच जुळलं तर खरं वाटणार नाही – बघा, त्या भीतीतही माझ्यातला सोंगाड्या जागा होता. “डावीकडं... साडेचार. उजवीकडं चार.” तात्या बोटाची पेरं मोजत काठाकडं वळून ओरडले, “मालक, चार, चार, साडेचार, चार. बराबर हाय म्हणत्यात.” किती विश्वासानं ओरडले. जसं काही त्यांनीच मोजलं.

आमच्याकडं एक रीत आहे. ट्रॅक्टरचं इंजिन उघडून बांधलं की पहिली फेरी मिस्त्रीनं ड्रायव्हरशेजारी मडगार्डवर बसून मारायची. काम बरोबर असेल तर मिस्त्री बसतो, नसेल तर त्याला पोटदुखी सुरू होते – सगळ्यांना हे माहीत. संपतराव बोटीत चढले आणि म्हणाले, “मिस्त्री, मडगार्ड न्हाय हितं, पर बसायचं तुमालाच.” काय सांगणार होतो? पोट दुखतंय?

बसलो. सीटच्या लोखंडी नळीला धरून. बोट पाण्यात लांब गेली. मला काठ दिसेनासा झाला कारण मी बघतच नव्हतो. पाणी उतरायला लागलेले दिवस. तात्या सांगत होते, भिंती हातभर खाली आहेत, जरा वळून जाऊ. मग एका ठिकाणी त्यांनी मान वळवून काठाकडं पाहिलं. टाकी चिंचेच्या मागं गेली होती. “आता हितं सोडतो,” म्हणाले. “खाली आमचं खळं हाय. सपाट. एक दगूड वर आल्याला न्हाय.” लहानपणी तिथं त्यांच्या वडलांनी मळणीचे बैल फिरवले होते. अख्ख्या बुडालेल्या गावात जिथं काहीच उभं नाही अशी ती एक जागा त्यांनी निवडली होती – आमच्यासाठी.

त्यांनी बोट भरधाव सोडली. बोटीचं नाक उचललं. आधी पायाखाली बारीक थरथर आली. मला ती कळली. बोटीत मला एकट्यालाच कळली असेल, कारण ती कशाची ते मला माहीत होतं. ‘थांबवा’ म्हणायला एक श्वास पुरला असता. मी तो घेतला, आणि घेऊन आत ठेवला.

मग पोटाखाली धाडकन आवाज झाला. बोटीचं नाक खाली बसलं. इंजिन मोकळंच किंचाळायला लागलं, तात्यांनी बंद केलं. आणि शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथली ग्लँड – पाणी अडवणारी पट्टी, पंपाला असते तशीच – फाटून पाणी आत यायला लागलं. बोटाएवढी धार. मग मनगटाएवढी.

संपतराव ओरडले, “काय झालं?”

माझ्या तोंडातून निघालं, “भिंत लागली.”

मी ठरवलं नव्हतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. ठरवलं नव्हतं, तरी शब्द इतके तयार कसे होते? तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग काठाकडं. टाकी, चिंच. परत टाकी. म्हणाले, “नसंल वो. खळं हाय हितं.” आणि मग, हळू – “लागली असंल तर...”

तेवढंच बोलले आणि खाली उतरले. डोक्याचा पटका सोडला, शाफ्टाभोवती गुंडाळून फाटक्या ग्लँडमध्ये कोंबला आणि हातानं दाबून धरला. हात जाण्याएवढीच जागा, आणि वर तापलेला एक्झॉस्ट. त्यांचा दंड त्याला टेकलेला होता. काढता येत नव्हता. काढला की पाणी. संपतरावांनी माझ्या हत्यारांचा डबा खाली ओतला आणि त्यानं पाणी उपसलं. मी? मी नळीला धरून कलमा म्हणत होतो. वीसेक मिनिटांनी मासेमारांची एक होडी आली आणि आम्हाला ओढत काठावर नेलं. तात्यांचा दंड जिथं टेकला होता तिथलं कातडं अजून वेगळ्या रंगाचं आहे, चकाकतं.

माझ्या गोष्टीत हा हात नाही. ऐकलाय का तुम्ही कधी? नाही ना.

इथपर्यंत मी भित्रा होतो. भित्रेपणाला माणसं माफ करतात, म्हणून इथं थांबण्याचा मोह होतोय.

त्याच रात्री बोट गॅरेजात आली. सकाळी सगळ्यांच्या आधी मी खाली वाकलो. जोडाचे बोल्ट कापले गेलेले. थाळ्यांची भोकं ओढून लांबट झालेली – जोड वाकडा फिरत होता, हे कळायला गेज लागलाच नसता. बोट पाण्यात गेल्यावर आकार बदलला होता, त्या माणसानं सांगितलं तसा. आणि पंखा? पंख्याची तिन्ही पाती स्वच्छ. एक ओरखडा नाही. भिंतीला लागलेल्या बोटीचा पंखा असा असतो का? दहा वाजता संपतराव तात्यांना घेऊन येणार होते.

शेजारच्या वेल्डिंगवाल्याचं मशीन सुरू होईपर्यंत मी थांबलो. मग मोठा हातोडा घेतला आणि एका पात्याच्या टोकावर दोन घाव घातले. पातं मुडपलं. वरून एक दगड घासला, खरबरीत दिसावं म्हणून. काम सुबक झालं. माझ्या हातचं काम सुबकच होतं.

ते आले. संपतरावांनी पातं पाहिलं. तात्या पुढं झाले. एका दंडाला पट्टी. दुसऱ्या हाताचा अंगठा त्यांनी त्या मुडपलेल्या टोकावरून फिरवला, सावकाश, पोराच्या जखमेवरून फिरवावा तसा. बराच वेळ. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो – हातोड्याचा घाव आणि दगडाचा घाव वेगळा असतो, हे लोखंडाच्या माणसाला कळतं. तात्या पाण्याचा माणूस. ते म्हणाले, “व्हय. माझीच चूक हाय, मालक.”

त्या दिवसापासून ते बोटीवर नाहीत. संपतरावांनी काढलं म्हणा, तात्या आपणच उतरले म्हणा. मी जोड नव्यानं बसवला. त्या खेपेला पाण्यातली मापं घ्यायला दौंडवरून एक ओळखीचा फिटर बोलावला, ‘माझी कंबर धरलीय’ म्हणून. बोट आजही झकास पळते.

आणि मी गोष्ट सांगायला सुरुवात केली. भीतीपोटी. एखाद्यानं खोदून विचारलं तर? मग आपणच गाजवून टाकावी. सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टीत कोण कशाला शंका काढतंय? त्यात तात्या कसे टाकी बघतात, चिंच बघतात आणि ऐटीत आपल्याच गावाच्या भिंतीवर बोट घालतात, ते मी करून दाखवायचो. मान वळवून. त्यांचा आवाज काढून. आवाज हुबेहूब निघतो. गोष्ट माझ्या आधी इंदापूरला पोहोचली. एकदा तिथल्या एसटी स्टँडवर मी स्वतः ऐकलं – तात्या पिशवी घेऊन चालले होते आणि कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं, “तात्या, दमानं. म्होरं भिंत हाय.” तात्या कसनुसं हसले. मी खांबाआड झालो.

जाळी टाकायच्या आधी त्यांना विचारणं पोरांनी बंद केलं. पण त्याहून वाईट, तात्यांनी सांगणं बंद केलं. त्यांच्या नातीनं मला एकदा सहज सांगितलं, “आजोबा आता म्हणत्यात, मला गाव ध्यानात न्हाय नीट.” मी ते ऐकलं आणि तिला लिमलेटची गोळी दिली.

गेल्या उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं. नातीचा फोन आला. गाव उघडं पडलंय, आजोबा तुम्हाला दाखवायचं म्हणतायत. मला? मलाच का? त्यांना कळलंय, असंच वाटत होतं. तरी गेलो. न जाणं जास्त भीतीचं होतं.

भेगाळलेल्या गाळातून तात्या काठी टेकत पुढं, मी मागं. सत्तरी कधीच ओलांडलेली. ही मारुतीची पायरी. हे आमचं न्हाणीघर. ही सुताराची भिंत. एकही जागा चुकत नव्हती – आधी हातानं दाखवायचे, मग आम्ही तिथं पोहोचायचो. मग ते थांबले, काठाकडं तोंड केलं आणि डोळ्यांवर हात धरला. पाऊल अर्धं डावीकडं. परत अर्धं मागं. टाकी हळूहळू चिंचेच्या मागं गेली.

पायाखाली जमिनीलगत बसवलेल्या चपट्या दगडांचं मोठं वर्तुळ होतं. खळं. आणि चारी बाजूंना शंभर पावलांत गुडघ्याएवढंसुद्धा काही उभं नव्हतं.

ते मान फिरवून सगळीकडं बघत होते. मी वाट बघत होतो, आता ते माझ्याकडं बघतील. ‘भिंत नव्हतीच’ एवढं सांगायला मी इतकी वर्षं शब्द जुळवले होते, आणि एवढी मोकळी जागा, दुसरं कुणी नाही. मी रुमाल काढला आणि मान पुसली.

हा कागद छापायला देण्याआधी त्यांची नात तो त्यांना वाचून दाखवणार आहे, पहिल्या ओळीपासून. हातोडा, खिशातला गेज, सगळं. ते काय म्हणतील ते त्यांचं.

त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. ते वाकले, तळहात खळ्यावर ठेवला, आणि जमिनीलाच विचारावं तसं मोठ्यानं बोलून गेले –

“मग मी चुकलो कुठं?”